एका वर्षाची कसोटी

खेळाडूचें चरित्र लिहावयास बसलें म्हणजे बहुधा त्याच्या विक्रमांची जंत्रीच आधीं पुढें येते. अमक्यानें इतकीं शतकें केलीं, तमक्यानें इतके गडी बाद केले, अशी ती मोजदाद असते आणि शाळकरी मुलांस ती तोंडपाठही असते. परंतु आमच्या वाचकांपैकीं जे घरांतले कर्ते आहेत, ज्यांच्या घरीं एखादा मुलगा वा पुतण्या पुस्तकें कोपऱ्यांत ठेवून बॅट घेऊन मैदानाकडे पळतो, त्यांस ह्या जंत्रीचा फारसा उपयोग नाहीं. त्यांचा प्रश्न निराळाच असतो. ह्या पोरानें खेळालाच आयुष्य वाहिलें, तर त्याच्या पदरीं काय पडेल आणि केव्हां पडेल, हें त्यांस कोणी सांगत नाहीं. श्री. सचिन तेंडुलकर ह्यांच्याकडे बोट दाखवून ह्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. त्यांच्यासारखा पुरुष पिढींतून एखादा निपजतो. त्याच्यावरून आपल्या घरच्या मुलाचा हिशेब मांडणें म्हणजे लॉटरी लागलेल्या शेजाऱ्याकडे पाहून घराचें अंदाजपत्रक करण्यासारखें आहे.

म्हणून आम्हीं आज आमच्याच मराठवाड्यांतले दोन खेळाडू निवडले आहेत. एक बीड येथें जन्मलेले श्री. संजय बांगर, दुसरे छत्रपति संभाजीनगरचे, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादचे, श्री. इक्बाल सिद्दिकी. हे दोघेही एकाच दिवशीं, ३ डिसेंबर २००१ रोजीं, मोहालीच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरले. पुढें एकाच्या वांट्यास त्या दर्जाचें सुमारें एक वर्ष आलें. दुसऱ्याच्या वांट्यास चार दिवस आले.

मराठवाड्यांतील वाचकांस हें सांगावयास नको, कीं आमच्याकडे क्रिकेट राजमार्गानें येत नाहीं. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. त्या काळीं रणजी करंडकांत हैदराबादचा संघ खेळे, आणि १९३७-३८ सालीं त्यानें तो करंडक जिंकलाही. पण त्या वैभवाचें केंद्र हैदराबाद शहर होतें. पुढें मराठवाडा महाराष्ट्रांत सामील झाला आणि इकडचें क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेंत गेलें. पुणें येथून सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर. मुलानें रात्रीच्या गाडीनें निघावें, सकाळीं अनोळखी मैदानावर चार षटकें टाकून दाखवावीं, आणि निवड झाली कीं नाहीं हें न कळतांच संध्याकाळच्या गाडीनें परत यावें, हा क्रम इकडच्या पुष्कळ घरांस परिचित आहे. आमखास मैदानावर सुट्टीच्या सकाळीं जे डाव रंगतात, त्यांतील किती मुलें त्या गाडीपर्यंत पोहोंचतात, हें ज्याचें त्यानेंच पाहावें. मुंबईच्या दादर-माटुंग्याच्या मुलास चार पैशांच्या लोकल-भाड्यांत जें मिळतें, त्यासाठीं इकडच्या मुलास एक रात्र, एक दिवस आणि वडिलांची संमति खर्ची घालावी लागते. आणि ह्या तिहींत संमतीच अधिक महाग असते.

आमच्या शिकलेल्या घराण्यांस क्रिकेट कधींच परकें नव्हतें, हें येथें नमूद केलें पाहिजे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकविणारे प्रो. दि. ब. देवधर ह्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. आजोबांच्या पिढीस देवधरांचा अभिमान वाटे, आणि तो वाटण्याचें एक कारण असें, कीं देवधर प्राध्यापक होते. पदवी आणि पगार पाठीशीं असून वर खेळ, ही व्यवस्था घरांतील कोणासही मान्य होण्यासारखी होती. खेळ अलंकारासारखा अंगावर घालावा, पण त्यावर चूल पेटवूं नये, असा तो अलिखित नियम. ज्याच्यापाशीं दुसरें कांहींच नाहीं आणि केवळ खेळच आहे, त्यानें काय करावें, ह्याला त्या नियमांत उत्तर नव्हतें.

आणि केवळ खेळ असून तरी काय हातीं लागेल, ह्याचाही भरवसा नव्हता. श्री. भाऊसाहेब निंबाळकर ह्यांची गोष्ट जुन्या मंडळींस आठवत असेल. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध खेळतांना त्यांनीं नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ धांवांच्या तत्कालीन जागतिक विक्रमास अवघ्या नऊ धांवा कमी होत्या. इतक्यांत काठेवाडच्या कप्तानानें सामनाच सोडून दिला. ह्या गृहस्थांस पुढें एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों, कारण श्री. सिद्दिकींच्या चार दिवसांचें वजन तिच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे बरोबर कळतें.

निंबाळकर पुढें रेल्वेच्या संघाकडूनही खेळले, आणि श्री. बांगर ह्यांची वाटही रेल्वेच्याच संघांतून गेली. आमच्या मतें हा केवळ योगायोग नव्हे. आपल्या देशांत रेल्वे ही खेळाडूंची फार मोठी आश्रयदाती आहे. ती खेळाडूस नोकरी देते, महिन्याच्या महिन्यास पगार देते, सामन्यांस रजा देते आणि खेळ संपल्यावरही त्याची खुर्ची राखून ठेवते. घरच्या वडीलधाऱ्यांस जी एक गोष्ट हवी असते, म्हणजे 'पुढें काय' ह्या प्रश्नाचें लेखी उत्तर, तें रेल्वेच्या नेमणुकीच्या कागदावर असतें. महाराष्ट्र आणि मुंबई येथील तरुणांच्या संघांतून खेळून झाल्यावर श्री. बांगर १९९३-९४ च्या हंगामांत रेल्वेकडून प्रथम श्रेणीचे सामने खेळूं लागले. त्या वेळीं ते एकवीस वर्षांचे होते. मधल्या फळींत येऊन चिवटपणें फलंदाजी करावयाची आणि मध्यम गतीनें अचूक चेंडू टाकावयाचे, असे त्यांचे दोन धंदे. दोन्ही उपयुक्त, दोन्ही न दिसणारे. रेल्वेचा संघही तसाच. त्यांत वर्तमानपत्रांनीं छायाचित्रें छापावीं असे गडी नसत. २०००-०१ सालीं ह्या संघानें रणजी करंडकाची अंतिम फेरी गांठली आणि बडोद्याकडून ती अवघ्या २१ धांवांनीं गमावली. पुढच्याच हंगामांत त्याच बडोद्यास हरवून करंडक प्रथमच आपल्या घरीं नेला. ह्या दोन हंगामांच्या मध्यें श्री. बांगर ह्यांस भारतीय संघाचें बोलावणें आलें. रेल्वेंत आठ वर्षें झालीं होतीं आणि वयास एकोणतीस पूर्ण झालीं होतीं.

श्री. सिद्दिकी हे वेगवान गोलंदाज. १९९२-९३ पासून ते महाराष्ट्राकडून खेळत आले होते आणि त्या दशकांत महाराष्ट्राच्या गोलंदाजीचा बराचसा भार त्यांच्याच खांद्यावर होता. आपल्याकडील संथ, कोरड्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजी करणें म्हणजे खडकाळ रानांत विहीर खणणें. घाम भरपूर, पाणी थोडें. त्यांसही बोलावणें आलें तेव्हां सत्ताविसावें वर्ष संपावयास तीन आठवडे उरले होते.

मोहालीच्या त्या सामन्यांत भारताची मध्यमगती गोलंदाजी सगळीच्या सगळी नवी होती. सिद्दिकी आणि बांगर ह्यांच्याखेरीज तिसरे नवागत केरळचे श्री. टिनू योहानन, लांब उडींतील प्रसिद्ध ऑलिंपिक खेळाडू टी. सी. योहानन ह्यांचे हे चिरंजीव. एका सामन्यांत तीन गोलंदाजांनीं पदार्पण करावें, ही गोष्ट निवड समितीच्या धैर्याची म्हणावी कीं अडचणीची, ह्याचा निर्णय आम्ही करीत नाहीं. खरें काम फिरकी गोलंदाजांनींच केलें. पहिल्या डावांत हरभजन सिंग ह्यांनीं पांच आणि दुसऱ्या डावांत अनिल कुंबळे ह्यांनीं सहा गडी टिपले. श्री. सिद्दिकींस सबंध सामन्यांत एकच बळी मिळाला, पण तो ग्रॅहम थॉर्पसारख्या मुरलेल्या फलंदाजाचा. भारताच्या एकमेव मोठ्या डावांत दीप दासगुप्ता ह्यांनीं शतक काढलें, श्री. बांगर ह्यांनीं ३६ आणि श्री. सिद्दिकींनीं २४ धांवा केल्या.

चौथ्या दिवशीं विजयासाठीं भारतास अवघ्या पांच धांवा हव्या होत्या. तेव्हां नेहमीच्या सलामीच्या फलंदाजाऐवजीं श्री. सिद्दिकींस खेळावयास पाठविण्यांत आलें, आणि विजयाची धांव त्यांच्याच बॅटींतून निघाली. औरंगाबादच्या मैदानांवर वाढलेला एक गोलंदाज भारताच्या वतीनें सलामीस येतो, सामना जिंकून देतो आणि नाबाद परततो! कादंबरींत असें कोणी लिहिलें असतें तर आम्हीं त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. पुढच्या कसोटी सामन्यांत त्यांचें नांव नव्हतें. आणि त्यानंतर तें कधींच आलें नाहीं. ह्यांत त्यांचा काय अपराध, असें विचाराल तर अपराध कांहींच नाहीं. ज्यांच्या गैरहजेरींत ते आले होते, ते परत आले, इतकेंच. श्री. सिद्दिकी पुन्हां देशांतर्गत सामन्यांकडे वळले, आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधून निवृत्त होईपर्यंत त्यांच्या बळींची संख्या तीनशेंच्या वर गेली.

श्री. बांगर मात्र संघांत राहिले, आणि त्यांचें तें अपूर्व वर्ष सुरू झालें.

नवागत खेळाडूच्या पहिल्या वर्षाचें कौतुक करण्याची प्रथा अमेरिकेंत फार आहे. तिकडे ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदीं निराळा. त्यांत चेंडू बहुधा हातांत घेऊन धांवतात, आणि प्रतिपक्षानें अंगावर झेंप टाकून धांवणाऱ्यास आडवें करावयाचें असतें. रक्षकांच्या पहिल्या रांगेमागें जो गडी उभा असतो त्यास लाइनबॅकर म्हणतात. पुढची रांग फुटली कीं येणारा लोंढा त्यानें छातीवर घ्यावयाचा. १९८१ सालीं न्यूयॉर्क जायंट्स ह्या संघांत लॉरेन्स टेलर नांवाचा असा एक लाइनबॅकर आला आणि पहिल्याच हंगामांत त्यानें सर्वोत्तम नवागत रक्षकाचें पारितोषिक तर पटकावलेंच, परंतु सबंध साखळींतील सर्वोत्तम रक्षकाचेंही पटकावलें. २०२१ सालीं डॅलस काउबॉइज संघाच्या मायका पार्सन्स ह्यानें नवागत रक्षकाचें तेंच पारितोषिक मिळविलें. दोघेही त्या वेळीं बावीस वर्षांचे होते. तिकडे महाविद्यालयें खेळाडू तयार करतात, व्यावसायिक संघ क्रमानें एकेकास उचलतात, आणि विद्यार्थीदशा संपतां संपतांच मुलाच्या हातीं कित्येक वर्षांचा करार पडतो. आपल्याकडे त्याच उंबरठ्यावर यावयास बांगरांसारख्यास एकोणतीस वर्षें लागतात, आणि आल्यावर हातीं करार नसतो, पुढच्या सामन्यापुरतें आश्वासन असतें.

तुलना आणखी एका बाबतींत पटण्याजोगी आहे. लोंढा छातीवर घेण्याचें जें काम तो लाइनबॅकर करतो, तेंच काम क्रिकेटमध्यें नव्या चेंडूस तोंड देणाऱ्या फलंदाजाचें असतें, आणि श्री. बांगर ह्यांच्या वर्षाचें खरें मोल तेथेंच आहे. आरंभीं त्यांस तें काम दिलेलें नव्हतें. फेब्रुवारी २००२ मध्यें नागपुरास झिंबाब्वेविरुद्ध ते खालच्या क्रमांकावर खेळावयास आले आणि नाबाद १०० धांवा करून परतले. त्या डावांत शिवसुंदर दास ह्यांचें शतक झालें, तेंडुलकरांनीं १७६ धांवा केल्या, आणि भारतानें तो सामना एक डाव व १०१ धांवांनीं जिंकला. शतक तें शतकच. पण दमलेल्या गोलंदाजांवर काढलेलें शतक आणि ताज्या गोलंदाजांपुढें काढलेल्या साठ धांवा ह्यांत जाणते लोक कशास अधिक मान देतात, हें त्याच वर्षीं ऑगस्टांत दिसून आलें.

इंग्लंडच्या दौऱ्यांत भारतानें लॉर्ड्सचा पहिला सामना १७० धांवांनीं गमावला होता. दुसरा अनिर्णित राहिला होता. तिसरा लीड्स येथील हेडिंग्ले मैदानावर २२ ऑगस्टपासून होता. भारतास सलामीची जोडी सांपडत नव्हती. वीरेंद्र सेहवाग ह्यांच्या जोडीस श्री. बांगर ह्यांस पाठविण्याचें ठरलें, तें मुख्यतः ते थोडी गोलंदाजीही करूं शकतात म्हणून, असें पुष्कळांस वाटलें. हवा ढगाळ होती, खेळपट्टी हिरवट होती. अशा दिवशीं नाणेफेक जिंकणारा कप्तान सहसा प्रतिपक्षास खेळावयास सांगतो; सौरव गांगुली ह्यांनीं स्वतःच फलंदाजी घेतली, कारण संघांत कुंबळे आणि हरभजन असे दोन फिरकी गोलंदाज ठेवले होते आणि शेवटच्या दिवसांत त्यांचा उपयोग करावयाचा होता. डावपेंच उत्तम होता. मात्र तो साधावयाचा तर पहिल्या दिवशीं सकाळीं कोणी तरी उभें राहावयास हवें होतें.

ज्यांनीं इंग्लंडांतील सकाळ पाहिली नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगतों. नव्या चेंडूची शिवण उठावदार असते आणि एका बाजूची चकाकी राखलेली असते. दमट हवेंत तो चेंडू सरळ येतां येतां शेवटच्या हातभर अंतरांत वळतो, आणि हिरवट खेळपट्टीवर टप्पा पडल्यावर पुन्हां कोणत्याही बाजूस सरकतो. मागें स्लिपमध्यें तीन-चार क्षेत्ररक्षक ओंजळ धरून वांकलेले असतात. अशा वेळीं फलंदाजाचें कौशल्य चेंडू मारण्यांत नसून तो सोडण्यांत असतें. कोणता चेंडू यष्टीवर येणार आणि कोणता बाहेरून जाणार, हें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत ओळखून बॅट उचलून घ्यावी लागते. प्रेक्षकांस ह्यांत कांहींच दिसत नाहीं. घरीं दूरदर्शनासमोर बसलेली मंडळी 'हा मारीत कां नाहीं' म्हणून चडफडतात. आमच्या परिचयाच्या एका घरांत त्या दुपारीं पंचाहत्तरीच्या आजोबांखेरीज कोणीही शेवटपर्यंत बसलें नाहीं. आणि आजोबा मात्र जेवणाचें ताट थंड होईपर्यंत उठले नाहींत.

सेहवाग ८ धांवांवर बाद झाले तेव्हां फलकावर अवघ्या १५ धांवा होत्या. राहुल द्रविड आले. येथून पुढें मॅथ्यू हॉगर्ड, अँडी कॅडिक, अलेक्स ट्यूडर आणि अँड्रयू फ्लिंटॉफ अशा चौघां वेगवान गोलंदाजांपुढें ह्या दोघांनीं १७० धांवांची भागी रचली. ती अर्थात् सावकाशच झाली. श्री. बांगर चार तासांहून अधिक वेळ मैदानावर होते आणि त्यांनीं ६८ धांवा केल्या. ज्या गृहस्थांस संघांत घेतांना लोकांनीं खांदे उडविले होते, त्यांनीं दिवसाचा सर्वांत वाईट भाग निभावून नेला. संध्याकाळीं धांवफलकावर २ बाद २३६ असे आंकडे होते आणि चेंडू जुना झाला होता.

दुसऱ्या दिवशीं जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे. द्रविडांनीं १४८, तेंडुलकरांनीं १९३ आणि गांगुलींनीं १२८ धांवा काढल्या. भारताचा डाव ८ बाद ६२८ वर घोषित झाला. तेंडुलकरांचें तें तिसावें कसोटी शतक. त्यांनीं त्या दिवशीं ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांस मागें टाकलें, म्हणून वर्तमानपत्रांतील सर्व जागा त्यांनीं घेतली, आणि ती त्यांचीच होती. इंग्लंडचे दोन डाव २७३ आणि ३०९ वर आटोपले. दुसऱ्या डावांत श्री. बांगर ह्यांनीं दोन गडीही बाद केले. एक डाव आणि ४६ धांवांनीं सामना जिंकून भारतानें मालिका बरोबरींत आणली. ह्यापूर्वीं इंग्लंडच्या भूमीवर भारतानें कसोटी सामना जिंकला होता तो १९८६ सालीं, ह्याच हेडिंग्लेवर. सामन्याचा मानकरी म्हणून द्रविडांची निवड झाली आणि ती योग्यच होती. तरी पण तीन शतकांच्या त्या थाटाच्या पंगतींत ६८ धांवांचें पान आम्हांस सर्वांत आधीं मांडावेंसें वाटतें; कारण तें आधीं मांडलें गेलें म्हणूनच पंगत बसली.

ऑक्टोबरांत वेस्ट इंडीजचा संघ आला. मुंबईस वानखेडे मैदानावर सेहवाग आणि बांगर ह्या जोडीनें सलामीस २०१ धांवा केल्या. त्यांत सेहवागांच्या वांट्यास १४७ आल्या आणि डाव संपला तेव्हां बांगरांच्या नांवावर ५५. हे आंकडे पाहून एखाद्यास हंसू येईल. पण एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या जोडीचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. घरांत एक भाऊ धाडसी व्यापार करतो आणि दुसरा दर महिन्यास ठराविक पगार आणतो. पाहुण्यांपुढें पहिल्याचें कौतुक होतें आणि वाण्याची उधारी दुसऱ्याच्या पगारांतून फिटते. सेहवागांस निर्धास्तपणें बॅट फिरवितां यावी ह्यासाठीं समोरचें टोंक कोणी तरी धरून ठेवणें जरूर होतें.

डिसेंबरांत संघ न्यूझीलंडला गेला आणि तेथें सगळ्यांचाच पाय घसरला. वेलिंग्टनला भारताचे डाव १६१ आणि १२१ वर संपले. हॅमिल्टनला ९९ आणि १५४ वर. हॅमिल्टनच्या खेळपट्टीवर यजमानही ९४ धांवांत गारद झाले, ह्यावरून तेथील स्थितीची कल्पना येईल. दोन्ही सामने भारतानें गमावले. श्री. बांगर ह्यांस धांवा जमल्या नाहींत, पण त्या दौऱ्यांत कोणास जमल्या? फरक इतकाच, कीं ज्यांच्या खात्यावर पांच-सात हजार धांवांची शिल्लक होती त्यांस एक दौरा वाईट जाणें परवडलें. ज्याचें खातेंच वर्षभरापूर्वीं उघडलें होतें त्यास परवडलें नाहीं. २२ डिसेंबर २००२ रोजीं हॅमिल्टनचा सामना संपला, आणि श्री. बांगर ह्यांचें कसोटी क्रिकेटही तेथेंच संपलें. एक वर्ष आणि एकोणीस दिवसांत १२ सामने, ४७० धांवा, एक शतक, ७ बळी. २००३ च्या विश्वचषकाच्या संघांत ते होते, पण अकरांत खेळावयास मिळालें नाहीं. पुढच्या ऑक्टोबरांत नव्या चेंडूसमोर उभें राहण्याचें तेंच काम आकाश चोप्रा ह्यांच्याकडे गेलें. आमच्या अल्पमतीस असें वाटतें, कीं हेडिंग्लेच्या सकाळीची आठवण निवड समितीनें आणखी दोन-चार सामने तरी राखावयास हवी होती.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. घरांतील वडील मंडळी हिशेब मांडतील, कीं वीस वर्षें खेळून एक वर्ष हातीं लागलें. हा व्यवहार तोट्याचा नाहीं काय? आमचें म्हणणें असें, कीं हिशेब मांडावा, पण सगळीं पानें उलटून मांडावा. श्री. बांगर त्या वर्षानंतरही दहा वर्षें रेल्वेकडून खेळत राहिले. भारतीय संघांतून गळाल्यावर कित्येकांस पुन्हां रणजीच्या रिकाम्या मैदानावर उतरणें कमीपणाचें वाटतें. त्यांस तसें वाटलें नसावें, कारण २००४-०५ सालीं रेल्वेनें पुन्हां करंडक जिंकला तेव्हांही ते त्याच संघांत होते. जानेवारी २०१३ मध्यें ते निवृत्त झाले. रणजी सामन्यांत सहा हजारांहून अधिक धांवा आणि दोनशेंहून अधिक बळी अशी दुहेरी कमाई त्यांच्यापूर्वीं एकाच पुरुषाच्या नांवावर होती, आणि तो पुरुष म्हणजे सांगलीचे विजय हजारे. हजाऱ्यांच्या पंक्तीस बसणें, हें ज्यास तोटा वाटत असेल त्यानें खुशाल वाटून घ्यावें.

तथापि आम्ही मुलांस उगाच भुलविणार नाहीं. रेल्वेची ती नेमणूक नसती, तर एकविसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत थांबणें किती घरांस परवडलें असतें? आजही ज्या घरांतून मुलगा खेळासाठीं पाठवावयाचा त्यांनीं त्याच्या फटक्यांपेक्षां ह्या आठ वर्षांची तजवीज आधीं करावी. आणि मुलाकडूनही पुष्कळ कबूल करून घ्यावें. चार दिवसच मिळाले तर काय, हा प्रश्न त्यास पंधराव्या वर्षीं विचारला तर तो हंसेल, तरी विचारावा. श्री. सिद्दिकींच्या चार दिवसांचें मोल नाबाद ४४३ धांवा करणाऱ्या निंबाळकरांस विचारावयास हवें होतें.

श्री. बांगर पुढें फलंदाजीचे शिक्षक झाले. २०१४ पासून २०१९ पर्यंत ते भारतीय संघाबरोबर त्या नात्यानें होते. त्या मुदतींत, २०१८-१९ च्या हंगामांत, भारतानें ऑस्ट्रेलियांत जाऊन पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. त्या मालिकेंत सर्वांत अधिक धांवा चेतेश्वर पुजारा ह्यांच्या होत्या, ५२१. आणि त्यासाठीं त्यांनीं १,२५८ चेंडू खेळून काढले. सिडनीच्या शेवटच्या सामन्यांत त्यांनीं १९३ धांवा केल्या, तेव्हांही ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या बॅटीची कड शोधीत होते आणि पुजारा चेंडू सोडीत होते. सहा महिन्यांनीं मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत न्यूझीलंडनें भारतास १८ धांवांनीं हरविलें, आणि त्याच उन्हाळ्यांत श्री. बांगर ह्यांच्या जागीं विक्रम राठोड ह्यांची नेमणूक झाली.